नोकरी पुण्याची, बिऱ्हाड मारेगावचे

नागपूरहून हैदराबादेकडे जाणारा महामार्ग करंजीपाशी सोडून वणीच्या दिशेने वळले, की वाटेत मारेगाव लागते. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेकडचा हा तालुका कापसाचा, तुरीचा आणि अलीकडे सोयाबीनचा. काळ्या जमिनीचा, कोलामांच्या पोडांचा, आणि शेजारी वणीच्या कोळसाखाणी असूनही स्वतः मात्र मुख्यत्वे शेतीवरच जगणारा. तालुक्याचे ठिकाण म्हटल्यावर तहसील कचेरी, पंचायत समिती, पोलीस ठाणे, दवाखाना, शाळा हा सरंजाम ओघानेच आला; आणि अशा कोणत्याही तालुक्याच्या गावी सकाळी दहाच्या सुमारास एस.टी.च्या थांब्यावर उभे राहिले, तर हा सरंजाम चालवणारी पुष्कळशी मंडळी परगावाहून उतरताना दिसतात. मास्तर, ग्रामसेवक, तलाठी यांनी मुख्यालयी राहावे असा सरकारचा दंडक आहे. त्यावरून विधिमंडळात वाद झडले आहेत, घरभाडेभत्ता रोखण्याच्या गोष्टी झाल्या आहेत. परंतु ‘अप-डाऊन’ ही संस्था या सर्वांना पुरून उरली आहे.

ज्याचे काम माणसासमोर उभे राहिल्यावाचून होतच नाही तो असा दुरून येतो, आणि ज्याच्या कामाची सारी सामग्री एका लॅपटॉपात मावते, ज्याचा ग्राहक अमेरिकेत, वरिष्ठ बंगळुरात आणि सहकारी चार शहरांत विखुरलेले आहेत, त्या मारेगावच्या अभियंत्याला मात्र जवळजवळ सातशे किलोमीटर दूर जाऊन पुण्याच्या हिंजवडीत हजेरी लावावी लागते. ही विसंगती आपल्या इतकी अंगवळणी पडली होती की तीत काही विचित्र आहे, हे समजण्यासाठी एका महामारीची गरज पडली.

२४ मार्च २०२० रोजी रात्री एकवीस दिवसांच्या टाळेबंदीची घोषणा झाली आणि पुणे, मुंबई, हैदराबाद येथल्या कंपन्यांनी आपल्या नोकरवर्गाला घरून काम करण्याची मुभा दिली. अर्थात मुभा कसली, ती सक्तीच होती. रस्ते मोकळे झाले तसतशी भाड्याच्या खोल्या सोडून मुले गावी परतली. शिक्षणासाठी एकदा बाहेर पडलेले पोर सणावारापुरतेच यायचे, ही ज्या घरांची धारणा होऊन बसली होती, त्या घरांत ते पुन्हा नित्याच्या पंगतीला बसू लागले. पहिले काही महिने आनंदात गेले. त्यानंतर मात्र, कचेरी म्हणून आजवर जी वास्तू कंपनीच्या खर्चाने उभी होती, तिच्या एकेका अंगाचा भार घरावर येऊन पडला आहे, हे हळूहळू ध्यानात येऊ लागले.

ते कसे, हे पाहायचे तर कापसाच्या हंगामात एखाद्या शेतकऱ्याच्या घरी जावे. दसरा-दिवाळीच्या सुमारास सीतादहीची पूजा करून वेचणी सुरू होते, आणि भाव येईपर्यंत कापूस विकायचा नाही असा निर्धार एकदा झाला की घरातली सर्वांत कोरडी, सर्वांत प्रशस्त खोली कापसाला दिली जाते. तो छताला टेकतो. उरलेल्या कोपऱ्यात टेबल, टेबलावर लॅपटॉप, आणि पाठीमागचा पांढरा डोंगर झाकण्यासाठी पडद्यावर लावलेले एखाद्या परदेशी ग्रंथालयाचे खोटे चित्र. दिवस जातात तशी साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते, तंतू कीबोर्डात जाऊन बसतात. मध्येच लाइट जाते, लाइटबरोबर वायफाय जाते, मग मोबाइलचे हॉटस्पॉट सुरू करून रेंज शोधत स्लॅबवर चढावे लागते, आणि तेथे भर उन्हात हातात यंत्र धरून उभे असताना पलीकडून कोणी शांतपणे सांगते, ‘तुझा आवाज तुटतोय.’ इन्व्हर्टर घ्यावा तर तो स्वतःच्या पैशाने. खुर्ची घ्यावी तर तीही. आईची तक्रार निराळीच असते : पोरगं घरी हाये, पण हाती लागत नाही.

घरी बसून परक्याचे काम करणे ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही, हे येथे सांगितले पाहिजे. कारण या नव्या व्यवस्थेचे गुणदोष ओळखण्यासाठी परदेशातल्या पाहण्यांइतकाच आपला जुना अनुभवही उपयोगी पडतो. सिन्नर, सोलापूर, सीमेवरची निपाणी, इकडे गोंदिया-भंडारा या पट्ट्यांत विड्यांचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या घराघरांतूनच चालत आला. कारखानदाराचा ठेकेदार तेंदूची पाने आणि तंबाखू मापून देतो. बाई ती घरी नेते, पाने भिजवते, कापते, वळते, बांधते. ठरल्या दिवशी विड्या घेऊन येते. आणि तपासनीस त्यांतल्या नापसंत बाजूला काढून उरलेल्यांची मजुरी हजारी दराने मांडतो. या व्यवहारात कारखानदाराला कारखान्याची इमारत बांधावी लागत नाही, दिवाबत्ती करावी लागत नाही, पाण्याची सोय ठेवावी लागत नाही. घरभर पसरलेल्या तंबाखूचा खकाणा मात्र बाईच्या मुलाबाळांच्या छातीत जातो. पुष्कळ वर्षे ‘ही बाई आमची नोकरच नव्हे’ असा कारखानदारांचा पवित्रा असे. तो मोडण्यासाठी संसदेला १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांचा स्वतंत्र कायदा करावा लागला आणि घरी बसून वळणारी व्यक्तीही कामगारच होय, असे त्याच्या व्याख्येत लिहावे लागले.

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवावे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात स्त्रियांनी ऐंशी रुपयांच्या उसनवारीवर पापड लाटण्यास आरंभ केला आणि त्यातून श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. तेथेही काम घरीच होते. शाखेत पहाटे पीठ मळले जाते, भगिनी ते घरी नेतात, लाटतात, वाळवतात, आणि दुसऱ्या दिवशी पापड तोलून देऊन मजुरी घेतात. विडीच्या आणि पापडाच्या व्यवहारात बाह्यतः फारसे अंतर नाही. दोन्हींकडे घर हाच कारखाना, दोन्हींकडे मजुरी कामाच्या मापावर. भेद इतकाच, की लिज्जतच्या भगिनी संस्थेच्या सभासद असल्यामुळे, इमारत आणि दिवाबत्ती वाचल्याने जो लाभ झाला तो फिरून त्यांच्याकडेच आला. विडीत तो कारखानदाराच्या गल्ल्यात राहिला. म्हणून घरून काम बरे की वाईट, या चर्चेत माझा जीव फारसा रमत नाही. कचेरी मोडल्याने जे वाचते ते कोणाच्या पदरात पडते आणि जो नवा खर्च उद्भवतो तो कोणाच्या खात्यावर चढतो, हे आधी पाहावे. पुढचा बराचसा निवाडा त्यातच होऊन जातो.

आधुनिक अर्थाने या कल्पनेचे जनकत्व जॅक नाइल्स या अमेरिकन अभियंत्याकडे जाते. अवकाशसंशोधनाशी निगडित कामे केलेला हा गृहस्थ लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवरील मोटारींच्या रांगांना विटून, माणसाला कामाकडे नेण्यापेक्षा कामच माणसाकडे का नेऊ नये, या विचाराला लागला आणि १९७३ साली त्याने त्यासाठी ‘टेलिकम्युटिंग’ ही संज्ञा योजली. तेलसंकटाचेच ते वर्ष. पुढे लोक विसरले ती गोष्ट अशी, की नाइल्सने एका विमा कंपनीच्या सेवकांवर जो पहिला अभ्यास केला, त्यात त्यांना आपापल्या घरी बसवण्याची योजना नव्हती. त्यांच्या वस्तीजवळच्या लहान उपकचेऱ्यांत बसवण्याची होती. घर घराच्या जागी राहील, कचेरी जवळ येईल आणि प्रवास तेवढा टळेल, असे ते गणित होते. स्वस्त संगणक आणि घरोघर पोचलेले इंटरनेट आल्यावर ही मधली पायरी अनावश्यक वाटू लागली. ती तशी खरोखर आहे का, याविषयी मला शंका आहे, आणि मारेगावच्या बाबतीत तर ती शंका बळावते.

घरून केलेल्या कामाची काटेकोर मोजदाद प्रथम चीनमध्ये झाली. शांघायच्या सीट्रिप या प्रवास कंपनीने २०१० च्या अखेरीस आपल्या दूरध्वनी केंद्रातल्या ज्यांना घरून काम करण्याची इच्छा होती, अशा सेवकांपैकी पात्र ठरलेल्या २४९ जणांचे जन्मतारखेवरून दोन भाग केले. सम तारखेचे चार दिवस घरी आणि एक दिवस कचेरीत, विषम तारखेचे पूर्वीप्रमाणे कचेरीतच. नऊ महिने हा प्रयोग चालला. स्टॅनफोर्डचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेला निष्कर्ष असा की घरी बसणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले आणि नोकरी सोडून जाण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. कंपनीचे माणशी वर्षाकाठी सुमारे दोन हजार डॉलर वाचले. एवढाच मजकूर बहुधा उद्धृत केला जातो. परंतु त्या १३ टक्क्यांपैकी ९ टक्के हे माणूस अधिक वेळ कामावर बसल्यामुळे आलेले होते. त्याची सुटी कमी झाली होती, मधली विश्रांती आखडली होती. समान दर्जाचे काम करूनही घरी बसणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता कमी झाली होती. आणि प्रयोग संपल्यावर ‘आता हवे ते निवडा’ असे सांगितले, तेव्हा घरी बसलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या मंडळींनी आपण होऊन कचेरीचा रस्ता धरला. एकटेपणा त्यांना सोसवला नव्हता. शिवाय पात्रतेच्या अटींत, सेवकाच्या घरी कामासाठी स्वतंत्र खोली असावी, ही एक अट होती. कापसाच्या हंगामात आपल्याकडे ही अट कितीजण पुरी करतील, हा प्रश्न मी वाचकांवर सोपवतो.

बढतीच्या प्रश्नाची मुळे खोल आहेत. कचेरीतले पुष्कळसे शिक्षण शिकवणारा शिकवतो आहे हे न जाणवताच होत असते. शेजारच्या टेबलावरचा अनुभवी माणूस संकटात सापडलेल्या ग्राहकाशी कोणत्या स्वरात बोलतो, कोणती चूक वरिष्ठांच्या कानांवर घालतो आणि कोणती परस्पर निस्तरतो, हे पाहून नवखा माणूस तयार होतो. मायक्रोसॉफ्टच्या साठ हजारांहून अधिक अमेरिकी सेवकांच्या संदेशांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला; त्यात असे आढळले की सगळे घरी गेल्यावर प्रत्येक तुकडी आपल्यापुरती अधिक आवळली गेली आणि तुकड्या-तुकड्यांमधले पूल क्षीण झाले. वरिष्ठाला याची झळ उशिरा लागते, कारण त्याचे परिचय आधीच झालेले असतात. मारेगावहून प्रथमच अशा नोकरीत शिरणाऱ्या पोराजवळ मात्र ना कॉलेजची मोठी ओळख, ना नात्यातला कोणी साहेब. त्याची जी काही ओळख व्हायची ती त्या मजल्यावर, त्या कँटीनमध्येच व्हायची. दृष्टीआड सृष्टी हा न्याय नोकरीला सर्वांत आधी लागू पडतो. म्हणून पहिली दोन-तीन वर्षे शहरात काढावीत, मग हवे तर गावी यावे, असेच मी कोणाही तरुणाला सांगेन.

स्त्रियांच्या बाबतीत हिशेब आणखी अवघड होतो. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात, घरची विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो आणि तशी कामे करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे, असे दिसून आले. लॅपटॉप घरात आल्याने ही तफावत मिटत नाही. उलट ‘घरीच तर आहेस’ या एका वाक्याने पाहुण्यांचा चहा, सासऱ्यांचे औषध, शाळेतून आलेले मूल आणि पाच वाजताची मीटिंग ही सारी एकाच रांगेत येऊन उभी राहतात. आणि तरीही तालुक्याच्या गावी लग्न होऊन आलेल्या अभियंता मुलीला नोकरी टिकवण्याचा दुसरा मार्ग बहुधा उपलब्ध नसतो, हेही तितकेच खरे. २०१७ साली प्रसूतिलाभ कायद्यात दुरुस्ती होऊन रजा २६ आठवड्यांची झाली, आणि कामाचे स्वरूप तसे असेल तर रजेनंतर घरून काम करू देण्याविषयी मालक व सेविका यांनी आपसांत ठरवावे, अशी तरतूद आली. ठरवावे, म्हणजे मालकाच्या मर्जीवर. तरतूद आहे एवढे समाधान.

कंपन्यांची मर्जी किती लवकर फिरते, याचा इतिहास ताजा आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २०२० साली जाहीर केले होते की २०२५ पर्यंत आपल्या सेवकांपैकी केवळ २५ टक्के लोकांना कचेरीत येण्याची गरज पडेल. त्याच कंपनीने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत येण्याचे फर्मान काढले. इन्फोसिसने महिन्यातून दहा दिवसांचा दंडक धरला. सरकारनेही आपल्या परीने वाट मोकळी केली होती : दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२० मध्ये कॉल सेंटरांवरची जुनी बंधने सैल करून सेवकाचे घर हा केंद्राचाच विस्तार मानला, विशेष आर्थिक क्षेत्रांत, जेथे करमाफीने आणलेला संगणक कुंपणाबाहेर नेणे हाच एरवी प्रश्न होता, तेथे जुलै २०२२ च्या नियमाने निम्म्या सेवकांना वर्षभर घरून काम करण्याची परवानगी दिली आणि पुढे ती वाढवलीही. कायद्याचा अडसर असा बराच दूर झाला. परतीचे हुकूम निघाले ते कंपन्यांच्या स्वतःच्या निर्णयाने. आणि गावी घराला मजला चढवून, बायकोची नोकरी सोडवून, मुलाला वणीच्या शाळेत घालून बसलेल्या माणसाला पुण्यात पुन्हा अनामत रक्कम भरून बिऱ्हाड मांडावे लागले, तेव्हा त्याची भरपाई कोणी केली नाही.

मधला मार्ग म्हणून ज्याची वाहवा होते ती ‘हायब्रिड’ पद्धत, म्हणजे आठवड्याचे दोन-तीन दिवस घरी आणि उरलेले कचेरीत. ब्लूम यांनी त्याच चिनी कंपनीत पुढे १,६१२ सेवकांवर हिचा प्रयोग केला. २०२४ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे नोकरी सोडण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले आणि कामावर वा बढतीवर विपरीत परिणाम झाला नाही. जगाचा कल आज या पद्धतीकडे आहे, आणि पुष्कळांना ती सुखाचीही आहे. पण तिचे सुख अंतरावर अवलंबून असते. सासवडच्या किंवा तळेगावच्या माणसाचे तीन दिवसांचे हेलपाटे वाचतात. मारेगावच्या माणसाला आठवड्यातून दोन दिवस हजेरी आणि पाच दिवस हजेरी यांत भेद कसला? रात्रभराच्या ट्रॅव्हल्सने जाऊन दोन दिवस काम करायचे आणि पुन्हा रात्रभर परतायचे, हे कोणी फार दिवस करू शकत नाही. त्याला पुण्यात खोली ठेवावीच लागते. हायब्रिड ही शहराच्या परिघातल्या माणसांची सोय आहे. विदर्भाच्या टोकाच्या तालुक्यांना तिने पुन्हा दाराबाहेरच ठेवले आहे.

पैशाचा भाग साऱ्यांना ठाऊक असतो, म्हणून थोडक्यात सांगतो. भाडे वाचते, खानावळ वाचते. मात्र भाडेच नसल्याने जुन्या करपद्धतीत घरभाडेभत्त्यावर मिळणारी सवलतही जाते. वाचलेला पैसा साठतोच असे नाही. घरात महिन्याच्या महिन्याला पगार येतो हे कळले की वावराची बी-बियाणे, फवारणी, बहिणीचे बाळंतपण, चुलत्याचे दवाखान्याचे बिल ही सारी त्या पगाराकडे पाहू लागतात. नापिकीच्या वर्षी तर तोच पीकविमा होऊन बसतो. यात वाईट काही नाही. शहरातल्या पगाराने खेड्याचा भार उचलावा, ही कल्पना आपल्या राज्याने कायद्यातही आणली होती : १९७५ साली नोकरदारांवर बसवलेला व्यवसायकर, जो आजही पगारपत्रकात कापला जातो, तो मुळात रोजगार हमी योजनेचा खर्च भागवण्यासाठी बसवला होता. पण घरच्या मागणीला कायद्यासारखी कमाल मर्यादा नसते, एवढे गावी परतणाऱ्याने मनाशी बांधून असावे. आणखी एक, काहीसे क्षुल्लक वाटेल असे : गावात दिवसा घरी दिसणारा तरुण नोकरीवरून निघालेला आहे, असाच प्रथम समज होतो, आणि स्थळे पाहण्याच्या दिवसांत तो समज महागात पडतो.

आता कामाच्या मापाविषयी. शेतीत माणूस लावण्याच्या तीन रीती आहेत. सालदार पाडव्याला वर्षभरासाठी ठरतो. रोजंदारीचा मजूर दिवसाच्या हजेरीवर. आणि कापूस वेचणारी बाई किलोप्रमाणे. पहिल्याला वेळेची सीमा नाही पण वर्षाची शाश्वती आहे. तिसरीला शाश्वती नाही, पण पाठीवर मुकादमाची नजरही नाही. कंपनीची कचेरी आजवर दुसऱ्या रीतीने चालली, हजेरी आणि तास यांवर. घरून काम सुरू झाल्यावर मालकाला हजेरी दिसेनाशी झाली आणि त्याने तिन्ही रीतींतले आपल्या सोयीचे तेवढे एकत्र केले : मागणी सालदारासारखी, की हाक मारली तेव्हा हजर असावे, मोजदाद वेचणीसारखी, की किती काम पडले ते सांगावे, आणि पाळत रोजंदारीची, की माउस किती मिनिटे हलला नाही तेही नोंदावे. सालदाराशी तरी पाडव्याला चार माणसांसमोर पैसा, धान्य, कपडालत्ता, सणाच्या सुट्या हे सारे बोलून होते. अभियंत्याच्या नेमणूकपत्रात ‘कंपनी सांगेल त्या ठिकाणी’ एवढाच शब्द असतो, आणि तो त्याने वाचलेला नसतो.

कायदा या बाबतीत मागे आहे. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांविषयीचा २०१७ चा कायदा कामाच्या तासांना मर्यादा घालतो. पण ती मर्यादा माजघरात कोण मोजणार? कचेरीच्या जिन्यावरून पडला तर अपघात नोकरीतला. घरच्या जिन्यावरून, लॉगिन करायला जाताना पडला तर? जर्मनीच्या सर्वोच्च सामाजिक न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये नेमक्या अशाच प्रकरणात, बिछान्यावरून उठून थेट कामाच्या खोलीकडे निघालेल्या इसमाचा अपघात हा कामावरचाच मानला. आपल्याकडे हा प्रश्न अद्याप स्पष्ट नाही. कामाचे तास संपल्यावर वरिष्ठाचा फोन न उचलण्याचा अधिकार फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून मान्य केला. त्या धर्तीचे खासगी विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत मांडले. खासगी विधेयके आपल्याकडे क्वचितच पुढे सरकतात. घरी बसून काम करणाऱ्यांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा १९९६ चा करार आहे. त्याला भारताने मान्यता दिलेली नाही, आणि विडी वळणारीपासून संगणक-अभियंत्यापर्यंत सर्वांचेच त्यात हित होते.

मग पुढे काय होईल? माझा कयास असा आहे की शुद्ध घरून चालणारी नोकरी थोड्या, अनुभवी आणि सहजासहजी बदलता न येणाऱ्या माणसांपुरती उरेल. जे काम मारेगावहून होऊ शकते ते मनिलाहूनही होऊ शकते, आणि त्यातले ठरावीक साच्याचे काम यंत्रबुद्धीकडून करवून घेण्याचा मोह कंपन्यांना अनावर होत आहे. अशा वेळी ज्याचा चेहरा कोणी पाहिलेला नाही त्याचे नाव यादीतून खोडणे सोपे जाते. मारेगावसारख्या गावांना खरा उपयोग होईल तो नाइल्सच्या त्या विसरलेल्या पहिल्या कल्पनेचा. झोहो या कंपनीने २०११ पासून तमिळनाडूतल्या तेनकाशीच्या ग्रामीण भागात कचेरी चालवली, आसपासच्या मुलांना तेथेच घडवले, आणि तिचे संस्थापक श्रीधर वेंबू स्वतः तेथल्या खेड्यात राहायला गेले. विदर्भात नागपूरच्या मिहान प्रकल्पात मोठ्या कंपन्या आल्या, पण मारेगावकराला नागपूरही रोज जाऊन येण्याजोगे नाही. वणी किंवा पांढरकवड्याला पन्नास खुर्च्यांची, अखंड विजेची, दोन कंपन्यांच्या फायबर जोडण्यांची सामाईक कचेरी कोणी काढली, तर खोलीतला कापूसही सुखात राहील आणि माणसाला चार बरोबरीच्या माणसांची संगतही मिळेल. हे स्वप्नरंजन नव्हे : तालुक्या-तालुक्याला स्पर्धापरीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका निघाल्या आहेत, आणि महिन्याला ठरावीक शुल्क घेऊन खुर्ची, दिवा व शांतता देण्याचा धंदा लोकांना जमला आहे. नगरपंचायतींनी आपल्या रिकाम्या गाळ्यांकडे या दृष्टीने एकदा पाहावे.

तोवर, गावी राहून नोकरी करण्याचा ज्यांचा बेत आहे त्यांना एवढेच सांगणे आहे. कामाचे ठिकाण कोणते, परत बोलावल्यास किती महिन्यांची मुदत, वीज-इंटरनेटचा खर्च कोणाचा, आणि हजर असण्याचे तास कोणते, या चार गोष्टी वरिष्ठाच्या तोंडी आश्वासनावर सोडू नका. ईमेलवर का होईना, लिहून घ्या. आणि ते उत्तर हाती पडेपर्यंत पुण्याची खोली सोडू नका.